पिकअपला काय बसवावं, काय नको: गिऱ्हाइकं नेहमी विचारतात ते प्रश्न

नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातल्या पिकअप म्हणजे टोमॅटो, कांदा, दूध आणि खतांच्या गोण्या. बोलेरो पिकअप सगळ्यात जास्त, त्याखालोखाल दोस्त, इन्ट्रा, योद्धा आणि छोटा हत्ती. गॅरेजवर येणारे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. भाव लिहिलेले नाहीत, कारण पत्र्याचा आणि तांब्याचा भाव हलला की ते खोटे ठरतात.

नवी गाडी आणली. सुरुवातीला काय बसवून घेऊ?

शोरूममधून थेट आमच्याकडे येऊ नका. आधी थोडे दिवस गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या मालावर चालवा. कुठे अडतं ते गाडीच सांगते. कोणाची पाठ दुखते, कोणाच्या हौद्यात पाणी साठतं, तर कोणाला रात्री मागे घेताना दिसत नाही. पहिल्या दिवशी घ्यायच्या वस्तू मोजक्याच आहेत: चांगली ताडपत्री, दोन-चार रॅचेट पट्टे (दांडीने ताणून आवळायचे), स्टेपनीला कुलूप, आग विझवायचा छोटा सिलिंडर आणि चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायचा लाल त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीबरोबर मिळते. ती सीटखाली आहे ना ते बघा, बऱ्याच जणांची घरी कपाटात असते.

एवढ्याशा वस्तूंनी वजनात असा काय फरक पडणार?

हा प्रश्न खरं तर कोणी विचारत नाही, आम्हीच काढतो. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. या दोहोंतला फरक ही तुमची कमाई. समजा तो फरक १,५०० किलो आहे. त्यातून ड्रायव्हर आणि बरोबरचा माणूस मिळून दीडशे किलो गेले. राहिले १,३५०. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वीस किलो माल आणि क्रेटचं स्वतःचं दोनेक किलो, म्हणजे बावीस. हिशोब एकसष्ट क्रेटचा झाला.

आता खाली लोखंडी चेकर प्लेट टाकली (११५ किलो), पुढे पाइपचा गार्ड लावला (४० किलो), केबिनच्या टपावर कॅरिअर आलं (३५ किलो), मागे शिडी आणि जाड पाइपचा बंपर लावला (३० किलो). झाले २२० किलो, म्हणजे दर खेपेला दहा क्रेट कमी. गाडी दिसायला भारी झाली, पण ती रोज दहा क्रेट लोखंड फुकट वाहते आहे, आणि त्याचं डिझेल तुमच्या खिशातून जातं.

“आम्ही कुठे मोजून भरतो?” असं म्हणणारे पुष्कळ आहेत. काट्यावर धरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यायची जबाबदारी तुमची. माल हौद्याच्या बाहेर आला, बाजूने, मागून किंवा मर्यादेपेक्षा वर, तर त्यालाही २० हजारांचीच तरतूद आहे.

म्हणून कुठलीही वस्तू घेताना दुकानदाराला आधी वजन विचारा, मग किंमत.

हौद्यात चेकर प्लेट टाकू, अॅल्युमिनियम की रबरी मॅट?

नऊ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा धरा, म्हणजे सुमारे साडेचार चौरस मीटर. तीन मिलिमीटरची लोखंडी प्लेट चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते, चेकरचा उठाव धरून थोडी जास्तच. तेवढ्याच जाडीचं अॅल्युमिनियम आठ किलोच्या आसपास. म्हणजे एकीकडे ११० ते ११५ किलो, दुसरीकडे ३७-३८.

वीट, खडी, लोखंडी सळई वाहत असाल तर लोखंडी प्लेटच टिकते, अॅल्युमिनियमला खोक पडतात. भाजी, दूध, किराणा, पार्सल असेल तर रबरी मॅट पुरते. क्रेट सरकत नाहीत, आवाज कमी होतो, आणि मॅट उचलून खालचा पत्रा धुता येतो. हे उचलून धुणं महत्त्वाचं. पत्र्याला चिकटवून किंवा स्क्रू मारून बसवलेल्या मॅटखाली पाणी आणि टोमॅटोचा रस अडकतो आणि पत्रा आतून खातो. वरून काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा भोक पडलेलं असतं.

खाली पाणी जायची भोकं असतात, ती कशानेही बुजवू नका. धूळ येते म्हणून एम-सील भरून आलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

पाटे वाढवले की माल जास्त घेता येतो ना?

नाही. पाटे म्हणजे अॅक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटा वाढवल्याने गाडी मालाने खाली बसत नाही, एवढंच. अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, क्लच आणि चेसिस सगळं तेच राहतं, आणि आरसीवरचा आकडाही तोच.

यात एक गोष्ट अशी आहे जी पाटे टाकणारे सहसा सांगत नाहीत. अनेक पिकअपना मागच्या अॅक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसलेला असतो आणि त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की मागची बाजू खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलेली आहे, मागच्या ब्रेकला पूर्ण दाब सोडा. गाडी रिकामी असली की तो दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही दोन पाटे वाढवले. गाडी भरली तरी मागची बाजू बसलीच नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. म्हणजे दीड टन माल घेऊन तुम्ही माळशेज उतरताय आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीच्या हिशोबाने लागताहेत.

मूळ पाट्यांनी धर सोडला असेल, गाडी एका बाजूला कलत असेल, तर कंपनीच्या नंबरचे पाटे बदला, बुश आणि यू-बोल्ट नवे टाका, आणि त्या दांडीची सेटिंग तपासून घ्या. कच्च्या रस्त्यावर गाडी आपटते अशी तक्रार असेल तर आधी शॉकअप आणि रबरी बंप स्टॉप बघा. दहातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

घाटात लाइट कमी पडतात. १००/९० चे बल्ब टाकू का?

टाकू नका. त्याऐवजी रिले टाका. कारण जरा सविस्तर सांगतो.

कंपनीचा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे दोन बल्ब मिळून हायबीमला दहा अॅम्पिअर. बऱ्याच गाड्यांत हा सगळा करंट बारीक वायरमधून, स्टिअरिंगवरच्या स्विचमधून फिरून बल्बपर्यंत येतो. वाटेत व्होल्टेज गळतं. आणि फिलामेंटच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी पडतो. म्हणजे तुमचा बल्ब वाईट नाही, त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही. त्याच वायरिंगवर १०० वॅटचे बल्ब लावले की करंट सतरा अॅम्पिअरच्या घरात जातो, स्विच तापतो, होल्डर पिवळा पडून वितळतो, रिफ्लेक्टरचा चकाकता थर जळतो. उजेड वाढतो तो दोन-चार महिन्यांपुरता. शिवाय त्या लाइटला मान्यता ६०/५५ चीच आहे.

रिले लावला की स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बला वीज थेट बॅटरीवरून जाड वायरने मिळते. रिलेच्या पायांवर नंबर असतात: ३० वर बॅटरीची वायर, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, त्यातला एक स्विचकडून आणि दुसरा अर्थला. वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. रिलेजवळ लावलेला फ्यूज बॅटरी ते रिले या तुकड्याला वाचवत नाही, आणि वायर घासून आग लागते ती नेमकी तिथेच. अर्थ पत्र्यावर देताना रंग खरवडून, बोल्टने आवळून द्या. एवढं केलं की कंपनीच्याच बल्बचा उजेड पाहून लोक विचारतात, बल्ब कुठला टाकला?

एलईडी बल्बबद्दल: हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेडाचा उगम नेमक्या जागी लागतो. स्वस्त एलईडीत तो जागेवर नसतो, त्यामुळे उजेड वर उधळतो. तुम्हाला पांढरंशुभ्र दिसतं आणि समोरून येणारा आंधळा होतो. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात तर तो पांढरा उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. धुक्यासाठी बंपरखाली बसवलेले फॉग लाइट आणि लोबीमच कामाचे. टपावरची एलईडीची लांब पट्टी शेतात रात्री माल भरताना वापरायची असेल तर वेगळा स्विच द्या आणि रस्त्यावर बंद ठेवा. लाल-निळे लुकलुकणारे दिवे आम्ही बसवत नाही.

आणि हो, लाइटची उंची माल भरलेल्या गाडीवर तपासा. मागची बाजू बसली की पुढचा उजेड झाडांवर जातो.

पुढे गार्ड लावायचाय, म्हैस आडवी आली तर?

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड, बुल गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या (गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दलच्या) विरोधात असल्याचं कळवलं. कारण सरळ आहे: पाइप चेसिसला घट्ट बसवलेला असतो. धडक बसली की पुढचा पत्रा चुरगळून धक्का खायला हवा, तो खात नाही, आणि सगळा दणका चेसिसला आणि आतल्या माणसाला बसतो. पायी चालणाऱ्याचं तर विचारूच नका. एअरबॅग असेल तर तिच्या सेन्सरचा अंदाजही चुकतो.

आम्ही गार्ड बनवणं बंद केलं आहे. बाजूच्या गावात मिळेल, आम्हाला माहीत आहे.

फाळके (हौद्याच्या कडेच्या उभ्या भिंती) उंच करून वर जाळी लावता येईल का?

काढता येणारी, हुकात अडकवायची जाळी असेल तर वेगळी गोष्ट. कायमचं वेल्डिंग करून हौदा दीड-दोन फूट उंच केला तर तो गाडीच्या मूळ रचनेतला बदल झाला. त्यातून दोन गोष्टी होतात. पासिंगला विचारणा होते, आणि जागा दिसली की माणूस भरतोच. चारा, कापूस, थर्मोकोल अशा हलक्या मालाला उंची लागते हे खरं, पण तीच गाडी दुसऱ्या दिवशी कांद्याला जाते आणि कांदाही त्या उंचीपर्यंत भरला जातो. वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते.

ताडपत्री वाऱ्याने फडफडते, फाटते. उपाय?

फडफड थांबवा, ताडपत्री आपोआप टिकेल. तीन-चार लोखंडी कमानी, फाळक्याच्या खाचेत बसणाऱ्या, आणि त्यांच्या टोकांना जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. कमानीची धार हीच ताडपत्रीची पहिली शत्रू. पुढची कड केबिनच्या मागे घट्ट बसली पाहिजे, कारण वारा तिथूनच आत शिरतो. दोर चालतो, पण ओला झाला की सैल पडतो. चाळीसेक किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पुन्हा ताणावा लागतो. रॅचेट पट्टा सैल पडत नाही, मात्र क्रेटवरून थेट ताणला तर वरचा थर चेपतो, मध्ये लाकडी फळी घाला. पट्टे हौद्याच्या हुकाला लावा, फाळक्याच्या कडीला नाही. कडी फाळका बंद ठेवायला असते, माल धरायला नाही.

चेसिसला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून काही बसवता येतं का?

चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही नाही. सगळा ताण त्याच दोन पट्ट्या घेतात. भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो आणि तो दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हौद्याखाली काही धरायचं असेल तर यू-बोल्ट आणि मध्ये लाकडाची पॅकिंग, किंवा कंपनीने आधीच दिलेली भोकं.

हौद्याच्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावायचा. आताच्या बीएस-सहा गाड्यांत इंजिन आणि सायलेन्सरचे सेन्सर इसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, जोडलेले असतात. अर्थ पुढे बंपरला आणि वेल्डिंग मागे फाळक्याला, असा प्रकार केला तर करंट वाटेत काय काय जाळत जाईल सांगता येत नाही.

कुठल्या बदलाला आरटीओची परवानगी लागते?

आरसीवर जे लिहिलं आहे ते बदलत असेल तर लागते: बॉडीचा प्रकार, रंग, इंधन, इंजिन, वजन, आसनं. उघड्या हौद्याचा बंद कंटेनर केला, दुधासाठी किंवा द्राक्षांसाठी थंड पेटी बसवली, सीएनजी किट टाकलं, हे सगळं कलम ५२ खाली येतं. परवानगी आधी घ्यायची आणि काम झाल्यावर १४ दिवसांत नोंद करायची. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमती घेऊन ठेवा.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

मॅट, सीट कव्हर, कॅमेरा, मडफ्लॅप, पट्टे यांना काही लागत नाही.

पिकअपचं फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं. तिथे अडतात त्या गोष्टी साध्या असतात: शिडीने झाकलेला मागचा दिवा, बंपरच्या पाइपामागे गेलेली नंबर प्लेट, निघालेली रेडियम पट्टी. पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, आणि ती मान्यताप्राप्त असावी लागते. बाजारातलं चमचमतं स्टिकर चालत नाही. नंबर प्लेट एचएसआरपीच (सरकारमान्य सुरक्षा प्लेट) हवी, मग गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची का असेना.

बसवलेल्या वस्तूंचा इन्शुरन्स मिळतो का?

सांगितलं तर मिळतो. स्टिरिओ, कॅमेरा, जादा लाइट अशा विजेच्या वस्तूंची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. त्याला आयएमटी २४ म्हणतात. बिल जपून ठेवा. बिलाशिवाय बसवलेली वस्तू क्लेमच्या वेळी नसल्यासारखीच.

पण पिकअपवाल्यांनी विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: माझ्या पॉलिसीत आयएमटी २३ आहे का? मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत हेडलाइट, टायर, मडगार्ड, बोनेट, बाजूचे भाग, बंपर आणि रंग यांची नुसती मोडतोड धरत नाहीत. गाडी पूर्ण नष्ट झाली तरच धरतात. समोरून ठोकर बसली तर नेमकं हेच तुटतं. आयएमटी २३ घेतलं, थोडा हप्ता जास्त भरला, की हे भाग येतात. गार्डवर पैसे घालवण्यापेक्षा त्याच पैशात हे घ्या.

जीपीएस आणि कॅमेरा बसवावा का?

मागचा कॅमेरा जरूर. मार्केट यार्डात मागे घेताना हमाल, हातगाड्या, पोरं मध्ये असतात आणि हौद्यामुळे मागचं काही दिसत नाही. लेन्स फाळक्यावर नको, तो रोज आपटतो. खालच्या चौकटीत, दिव्याच्या ओळीत लावा. बरोबर रिव्हर्सचा बझरही घ्या, स्वस्त आहे.

पुढचा डॅशकॅम अपघातानंतर “चूक मोठ्या गाडीचीच” या ठरलेल्या निकालापासून वाचवतो. कॅमेऱ्याला बॅटरीवरून कायमची वीज द्यायची असेल तर व्होल्टेज पडल्यावर आपोआप बंद होणारं किट लावा, नाहीतर पहाटे तीनला लिलावासाठी निघायचं आणि सेल्फ फिरणार नाही.

जीपीएसमध्ये मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय असते. ती चालत्या गाडीवर वापरायची नाही. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो. चोर पकडायच्या नादात गाडी कुणाच्या तरी अंगावर जाईल. बसवायचंच तर असं जोडून घ्या की गाडी उभी राहिल्यावर पुन्हा सुरू होणार नाही, चालताना मात्र बंद पडणार नाही.

टायर एक साइज मोठे टाकले तर?

मडगार्डला घासतील, वेग आणि किलोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतील, आणि भरलेल्या गाडीला चढावर ताकद कमी पडेल. साइज तीच ठेवा. बघायचं ते प्लाय रेटिंग आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती मजबूत आणि किती वजन पेलतो ते सांगणारे आकडे. कारचा टायर त्याच साइजचा आणि स्वस्त मिळाला म्हणून पिकअपला चालत नाही. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) पुढे कधीही नको. हवा थंड टायरमध्ये, माल भरायच्या आधी तपासा.

प्रेशर हॉर्न?

नाही. वेगवेगळ्या सुरांत वाजणारे, कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ ने बंद आहेत. आवाज बसला असेल तर हॉर्नलाही रिले टाकून बघा.

उन्हाळ्यात केबिन तापते. एसी नंतर बसवता येतो का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या पिकअप त्यात येत नाहीत. ज्या मॉडेलला कंपनी एसी देते त्यात कंपनीचेच भाग घालून तो नंतर बसवता येतो. बाकीच्यांत ब्रॅकेट, बेल्ट, रेडिएटरसमोरचा कंडेन्सर अशा जोडकामातून इंजिन तापायच्या तक्रारी सुरू होतात. आमचा सल्ला: आधी टपाच्या आतून आणि इंजिनच्या झाकणाखालून उष्णतारोधक फोम लावा, एक बारा व्होल्टचा पंखा घ्या, सीट कव्हर रेक्झिनऐवजी कापडी घ्या. फरक कळण्याइतका पडतो आणि गाडीचं काही उघडावं लागत नाही.

काचेला काळी फिल्म चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच त्यावर बोट ठेवलं. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के उजेड आत सोडणारी हवी.

हौद्यात मजुरांसाठी बाक करून द्याल?

नाही. कांदा लागवडीच्या दिवसांत बायाबापड्या उभ्याने कोंबून नेतात, त्यापेक्षा बाक बरा, असा युक्तिवाद आम्ही दरवर्षी ऐकतो. पण बाकाला धरायला काही नसतं, पट्टा नसतो, आणि गाडी कलंडली की सगळे एका बाजूला फेकले जातात. मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी हात वर करते, आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येते. मजुरांसाठी प्रवासी गाडी ठरवा.

शेळ्या-मेंढ्या आणि गाईंसाठी कप्पे करून मिळतील का?

जनावरांच्या वाहतुकीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२५-ई आहे. कायमचे कप्पे असलेली गाडी लागते, आणि जागाही ठरलेली आहे: गाय किंवा म्हशीला २ चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. वर हिशोब केलेल्या हौद्यात दोन गाई बसतात, तिसरी नाही. शिवाय अशा गाडीतून दुसरा माल न्यायचा नसतो. त्यामुळे आठवडी बाजाराचा नियमित धंदा असेल तरच हा खर्च करा. खाली उठावाची रबरी मॅट घाला, नुसत्या पत्र्यावर जनावर घसरतं आणि पाय मोडतो.

लग्नसराईत डीजे लावायचाय.

आमच्या भागात प्रत्येक गावात एक तरी पिकअप वैशाखात डीजे होते, त्यामुळे प्रश्न येणारच. गाडी मालवाहू आहे, स्पीकरची भिंत कायमची बसवली तर वर सांगितलेलं कलम १८२-अ लागू होतं. भाड्याची पेटी माल म्हणून नेली आणि उतरवून वाजवली तर निदान गाडीच्या कागदांचा प्रश्न नाही. आवाजाचा प्रश्न उरतोच. २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद.

गाडीच्या अंगाने सांगायचं तर, मोठे बॉक्स एकावर एक रचले की वजन सगळं वर जातं. खाली जनरेटर, आजूबाजूला पोरं फाळक्यावर लटकलेली, आणि वरून गावातल्या विजेच्या तारा. आम्ही हे काम घेत नाही.

कोकणात मासळी वाहतो. गंज थांबत नाही.

रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडच्या गाड्यांना बाहेरच्या हवेपेक्षा मासळीच्या बर्फाचं खारं पाणी जास्त मारतं. ते हौद्याच्या सांध्यांतून चेसिसवर गळतं. झाकणाच्या पेट्या वापरा, आणि पाणी एका नळीतून चाकांच्या मागे, चेसिसपासून दूर सुटेल अशी सोय करा. रोज गोड्या पाण्याने खालून धुणं हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त उपाय. अंडरबॉडी कोटिंग करायचं तर नव्या गाडीवर किंवा गंज पूर्ण घासून, झिंक प्रायमर मारून. गंजावर काळा थर मारला तर गंज आत सुखाने वाढतो.

घरच्या वापराची पिकअप आहे, व्ही-क्रॉस किंवा हायलक्स. तिला काय?

या गाड्यांचं गणित वेगळं, कारण हौदा बहुतेक वेळ रिकामाच असतो. बेडलायनर (हौद्याच्या आतलं संरक्षक अस्तर) आणि हौद्यावरचं गुंडाळायचं झाकण एवढं घ्या. बंद कॅनॉपी हवी असेल तर आधी आरटीओत विचारा. मोठी चाकं आणि उंच सस्पेन्शन यांबद्दल वर लिहिलेलं सगळं यांनाही लागू आहे, यांचे मालक फक्त ते इंग्रजीतून ऐकून आलेले असतात.

गाडी विकताना ऍक्सेसरीज काढून घ्याव्यात का?

मॅट, पट्टे, ताडपत्री, कॅमेरा काढून घ्या, पुढच्या गाडीला होतील. घेणारा त्यांचे वेगळे पैसे देत नाही. जीपीएस काढाच, नाहीतर सिम तुमच्या नावावर आणि गाडी दुसऱ्याची. फास्टॅगही बंद करून घ्या. वायरिंग मात्र ओढून तोडू नका. आम्ही काम करताना कंपनीची वायर कापत नाही, कपलर लावतो, तो काढला की गाडी मूळ स्थितीत येते. काढलेले मूळ भाग, म्हणजे बल्ब, होल्डर, पाटे, बंपर, हे गिऱ्हाइकाला पिशवीत घालून देतो. ती पिशवी भंगारात घालू नका, विकताना पासिंगच्या आधी तीच शोधत फिरावं लागतं.